खालचा बी फ्लॅट

लीड्समध्ये, मीनवूड रोडला,
चिप्सवाला आणि घोड्यांवर पैसे लावायचं दुकान
यांच्या बेचक्यात माझं दुकान.
मंगळवारी प्रेस्कॉड येतो.
आधी त्याचा खोकला येतो, मग पेटी, मग तो.

"खालचा बी फ्लॅट बोलत नाही," म्हणतो,
घरातलं कुणी रुसलंय अशा आवाजात.

मी मिरजेची. आमच्या माळ्यावर भोपळे वाळत.
काका टिचकी मारून सांगत
कुठल्यात तंबोरा आहे, आणि कुठला नुसताच भोपळा.
इथे पहिला बॅरिटोन हाती आला
तेव्हा त्याच्या पितळेवर मी टिचकीच मारली होती.
केवढी लांब नळी,
उभी राहून दमलेली,
वर पोचता पोचता
स्वतःभोवती एक वेटोळं घालून टेकलेली.

प्रेस्कॉड स्टुलावर बसतो. टोपी गुडघ्यावर.
एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस,
अजून समोर बघूनच बोलतो.

"कार्नी," म्हणतो, "जोतं.
त्याच्यावर अख्खा बँड उभा.
नाकाने श्वास आत, गालातून बाहेर,
सूर संपायचाच नाही. मी बसमध्ये करून बघायचो,
हेअरहिल्सच्या चढावर. चक्कर यायची.
मलिगन वेगळा. एवढं धूड घेऊन शीळ घालायचा.
पेपर ॲडम्स म्हणजे सुरी. मला भीती वाटते त्याची, आजही.
आणि चॅलॉफ..."
चॅलॉफ शेवटी चाकांच्या खुर्चीतून वाजवायचा.
इथे प्रेस्कॉड टोपी उलटी करून
आतलं अस्तर बघत बसतो.

मी म्हणते, आमच्याकडे याला खर्ज म्हणतात.
पहाटे, कुणी उठायच्या आत घासायचा.
"खरज," तो म्हणतो. "बरोबर. घशाला खरवडतोच तो."

"आणि सगळ्यांत आवडता?"

"एनिड ग्रिमशॉ."
हे नाव कुठल्याच तबकडीवर नाही.
"दिवसा हन्सलेटला शिवणयंत्रावर,
शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये, रांगेच्या टोकाला.
पाच फुटांची बाई. मागून बघितलं तर
बॅरिटोनच तिला गळ्यात घालून उभा.
एकटीने वाजवायला तिला कुणी कधी सांगितलं नाही.
पण ती ओठ पुसायला थांबली
की नाचणाऱ्यांचे पाय चुकायचे,
आणि जो तो जोडीदारावर चिडायचा."

मग म्हणतो, "हा तिचाच.
हप्त्याने घेतला. शेवटचे तीन द्यायच्या आत गेली.
आता कुणाला देऊ?"

मी दुकानातले दिवे मालवते.
वायरीला बांधलेला बारीक दिवा नळीत सोडते,
वेटोळ्यातून, वळणातून, खाली तोंडापर्यंत.
जिथून उजेड झिरपेल तिथून हवा पळते, एवढं साधं आहे.
एकेक झाकण दाबते. चामडं ठीक.
स्प्रिंग ठीक. तळात एक पेपरमिंट,
कागदासकट, किती वर्षांचं कोण जाणे.
कुठेच उजेड नाही.
पितळ शाबूत आहे.
अंधारात फक्त त्याचा श्वास ऐकू येतो,
बारीक, फाटक्या भात्यासारखा,
आणि तिथे सोडायला माझ्याकडे दिवा नाही.

दिवे लावते. म्हणते, "सापडलं."
एक बूच काढते, दुसरं बसवते.
कानशीने उगाच दोनदा घासते, त्याला ऐकू जाईल असं.

तो उभा राहतो. पट्टा गळ्यात.
पहिल्या फुंकरीला नुसती हवा.
दुसऱ्यांदा डोळे मिटतो,
आणि खालून काहीतरी सरकतं,
आधी माझ्या तळपायांना कळतं,
मग डब्यातले स्क्रू एकमेकांशी बोलायला लागतात.
सूर थोडा फाटतो. त्या फाटण्यातच जवारी आहे,
पण हे त्याला कसं सांगायचं?
साडेतीन सेकंद. फार तर चार.

"किती झाले?"
"चार पौंड. बूच बदललं."
"बूच चांगलं होतं."
"होतं."

तो पाचाची नोट ठेवतो, सुट्टे घेत नाही,
पेपरमिंट मात्र उचलतो, वास घेतो, खिशात टाकतो.
"पुढच्या मंगळवारी," दारातून म्हणतो,
"बहुतेक खालचा बी जाईल."
"आणा," मी म्हणते. "बघू."